खांद्यावरचं पीठ

चिकटपट्टी माझ्या खांद्यावर टेकली आणि सुटली. आवाज एवढासाच, कुणीतरी पाकीट फोडावं तसा. विचारून लावली असती तर मीच खांदा पुढे केला असता. आमच्या कामात कुणाच्या अंगावरून काय गळतं ते तपासणं यात वावगं काही नाही. पण मी कपाटाशी पाठमोरी उभी होते, पांढरा कोट अजून हातातच होता, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मागून येऊन "हलू नका" म्हणाले, मानेवर गांधीलमाशी बसली असावी अशा सुरात. मी हलले नाही. हलले नाही याचा राग मला नंतर आला, आणि तो पट्टीच्या रागापेक्षा मोठा होता. त्यांनी ती पट्टी काचेवर चिकटवली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, चष्मा कपाळावर चढवला. खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या कामात एकदम फार लक्ष घातलं. सगळ्यात नवी संशोधक, आमची धाकटी, ती तर रिकाम्या नळीवर नाव लिहायला लागली. "गहू," प्रमुख म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे, खोलीला उद्देशून. घरात खुडबुड कुठून येत होती ते कळल्यावर माणूस ज्या समाधानानं 'उंदीर' म्हणतो, त्या समाधानानं.

या प्रमुखांना पाठीमागे सगळे 'झाकण' म्हणतात. नाव कुणी पाडलं ते माहीत नाही, पण चपखल पाडलं. चालता चालता ते उघड्या बाटल्या, उघडे डबे, उघडी पेनं बंद करत जातात. त्यांच्या चहाच्या कपाला झाकण आहे, नंबराच्या चष्म्याला घर आहे आणि त्या घराला पुन्हा पिशवी आहे. यात हसण्यासारखं काही नाही खरं तर, कारण आमचा धंदाच झाकणांचा. जुन्या माणसांच्या दातांवर जे कीटण चढतं, ते काळानं दगड होतं, आणि त्या दगडात त्या माणसानं खाल्लेल्या दाण्याकंदांचे, मुळापानांचे कण अडकून राहतात. भांडी फुटतात, चुली विझतात, हाडं भुसभुशीत होतात, पण दात न घासल्याचं फळ टिकतं. आम्ही ते कीटण खरवडतो, सौम्य आम्लात विरघळवतो आणि उरलेलं काचपट्टीवर पसरून बघतो. स्टार्चचा कण विशेष प्रकाशात ठेवला की काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा उजळतो आणि त्याच्यावर काळी फुली उमटते. पट्टी फिरवली की फुलीचे हात फिरतात. पहिल्यांदा ती फुली फिरताना बघितली तेव्हा मला हसू फुटलं होतं. लहानपणापासून ज्या धुरळ्यात मी शिंकत आले, तो आतून असा दिसत होता. अडचण एवढीच की आजच्या बिस्किटातला कणही तसाच उजळतो, त्याच्यावरही तशीच फुली येते, आणि तो हवेत तरंगत कुठेही जाऊन बसतो. म्हणून झाकणं. आणि म्हणून, मी बेकरीवाल्याची मुलगी असणं हे या इमारतीत कायमचं अर्धा विनोद आणि अर्धा आरोप असं चालत आलेलं.

नोकरीला लागले तेव्हापासून मी दोन घरांत राहते, दोन्ही एकाच घरात. सकाळी उठल्यावर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. न्हायचं, केस फडक्यात बांधायचे, बंद पिशवीतले कपडे गॅलरीत जाऊन घालायचे आणि तिथूनच जिन्यानं खाली उतरायचं. बाबा आतून ओरडून विचारतात, "निघालीस?" मी बाहेरून ओरडून सांगते, "निघाले." शेजारणीला वाटायचं आमचं भांडण आहे. बेकरी आता धाकटा भाऊ चालवतो, पण बाबांच्या हातांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही. ते सकाळी परातीत पीठ घेतात, पाणी घालतात आणि मळत बसतात. त्याचं काही करायचं नसतं. मळून झालं की गोळ्यावर फडकं टाकतात आणि मग स्वस्थ होतात. "हातांना काम नसलं की ते मला शिव्या देतात," असं त्यांचं म्हणणं. इतर बऱ्याच गोष्टी त्यांच्या लक्षात राहत नाहीत हल्ली. गल्ली आठवते, गल्लीचं वळण आठवत नाही. आई गेली हे आठवतं, मग ती कधी गेली ते विचारतात आणि ऐकून दर वेळी जरा नव्यानं गप्प होतात. आणि दिवसातून कितीदा तरी: "पोरी, मी जेवलो का गं?"

गव्हाची वार्ता आली ती आमच्या बाईमुळे. बाई म्हणजे नदीकाठच्या कपारीत सापडलेली, कुशीवर झोपवलेली, शेती नावाची गोष्ट माणसाला सुचायच्या कितीतरी आधी मेलेली एक बाई. तिला नाव नाही, नमुन्याचा क्रमांक आहे, पण क्रमांकाशी कुणी बोलत नाही, म्हणून सगळे बाईच म्हणतात; "बाईला बाहेर काढा", "बाईचा डबा कुठं गेला". तिच्या दोनच दातांवर कीटण चांगलं होतं. एक मी उघडला. त्यातून गव्हाच्या कुळातल्या रानगवताचे कण निघाले, आणि त्यातले काही फुगलेले, मधली फुली पुसट झालेली. म्हणजे ओल्या उष्णतेतून गेलेले. कुणीतरी ते दाणे गोळा केले होते, कुटले होते, भिजवून शिजवले होते. शेत नसताना. हे आम्ही लिहून पाठवलं, आणि ज्या विद्वान मंडळींकडे ते वाचायला गेलं त्यांनी फार सभ्यपणे विचारलं की हे कण आजचे नाहीत हे कशावरून. प्रश्न रास्त होता. मीही तोच विचारला असता. प्रमुखांनी खोलीत रात्रभर उघडी बशी ठेवली, हवेतलं काय पडतं ते बघायला. बशीत गहू पडला. मग सकाळी पट्टी माझ्या खांद्यावर पडली. हे सगळं कसं एकापुढे एक नीट मांडलेलं, मला बोट ठेवायला कुठे फट नाही. फक्त त्या बशीत बटाटाही पडला होता, मकाही पडला होता, आणि बटाट्यासाठी कुणाच्या खांद्यावर पट्टी लागली नव्हती.

दुपारी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. "बसा," म्हणाले. "उभी बरी आहे. खुर्चीला लागेल," मी म्हणाले. ते हसले नाहीत. टेबलावर कागद तयार होता, त्यावर काचेचा गोळा. बाईच्या दातातून निघालेले गहूवर्गीय कण, सर्वच्या सर्व, नमुना हाताळणाऱ्या व्यक्तीच्या राहत्या घरातून आलेले असावेत, असं त्यात माझ्या तोंडी घातलं होतं. "यात तुमच्यावर ठपका नाही," ते म्हणाले. "घर कुणी निवडत नाही. पण खोली स्वच्छ आहे आणि दोष बाहेरून आला, हे एकदा लिहून टाकलं की बाकीचे नमुने वाचतात. चाळीस माणसांचं काम आहे या इमारतीत." मी विचारलं, "आणि बाई?" "बाईचा दुसरा दात आहे की. तो तुम्हीच उघडा. मला तुमच्या हाताबद्दल कधीच शंका नव्हती." मग त्यांनी गोळा उचलून कागद माझ्याकडे सरकवला. "एकच करा. त्याआधी तीन महिने आपल्या अतिथिगृहात येऊन राहा. वडिलांना भावाकडे ठेवा. भाऊ आहे ना तुम्हाला?"

"भाऊच बेकरी चालवतो, सर."

"मग भेटायला जाऊ नका," ते म्हणाले, आणि हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की क्षणभर मलाही वाटलं, खरंच, त्यात काय एवढं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्यांना खोली वाचवायची आहे, आणि खोली वाचवताना आपण कुणाला दाराबाहेर काढतो आहोत हे बघायची त्यांना सवय नाही, कारण आजवर बाहेर काढलेलं सगळं बाटलीत मावेल एवढंच असायचं. "आणि सही नाही केली तर?" मी विचारलं. "तरी दात उघडावा लागेलच. दुसरं कुणी उघडेल." मला मक्याचं प्रकरण आठवलं. मागे एकदा या इमारतीत प्रत्येक नमुन्यात मका सापडायला लागला होता. ज्या काळी ज्या मुलखात मका पोहोचायचा प्रश्नच नव्हता, तिथल्या दगडी पाट्यावर मका, मडक्यात मका, कुणा म्हाताऱ्याच्या दाढेत मका. महिनाभर सगळे त्या मक्यावर सिद्धान्त रचत होते. मग कळलं की आपण घालतो त्या रबरी हातमोज्यांना आतून मक्याची पूड लावलेली असते. तेव्हा सगळे पोट धरून हसले, मोजे बदलले, आणि कारखान्याकडून कुणी कसलं लेखी मागितलं नाही. ते मोजे प्रमुखांनी मागवले होते. हे मी बोलले नाही. बोलायला गेले असते तर ते मी सूड म्हणून बोलले असते, आणि त्यांनी ते बरोबर ओळखलं असतं.

घरी जाताना रस्ताभर मला पीठच दिसत होतं. आपलं लक्ष एकदा गेलं की सुटका नाही. बाकावर बसून बिस्कीट खाणारा माणूस, मांडीवरचा चुरा झटकतो आहे. तो चुरा आता कुठे जाईल ते त्याला कुठे माहीत. पोस्टाच्या पाकिटाची खळ. कागदाच्या दुकानातला कागद, त्यात स्टार्च. इस्त्रीवाल्याच्या दोरीवर वाळत घातलेले कडक सदरे, त्यांच्यात खळ. बाळाच्या अंगाची पावडर, औषधाच्या गोळ्या, शाळेच्या वहीवरचं चिकटवलेलं लेबल. सगळं शहर हळूहळू एकमेकांवर सांडत होतं आणि मी त्यातून केस बांधून चालले होते, जणू मीच काय ती सांडते. शाळेतल्या एक बाई मला वर्गाच्या दारात थांबवून रुमालानं खांदा झटकायच्या. मायेनं झटकायच्या, "ये गं, पिठाची बाहुली" म्हणायच्या. मला तेव्हा लाज वाटायची ती पिठाची नाही, झटकण्याची. बेकरीत उंच खिडकीतून ऊन पडायचं, त्या उन्हात पीठ इतकं सावकाश खाली यायचं की वाटायचं ते पडतच नाही, नुसतं आहे. बाबा त्यात उभे, भुवया पांढऱ्या, मला ओरडताहेत, "दार लाव, वारा येतोय!" तेच मी आता दिवसभर दुसऱ्यांना सांगते.

"आज उशीर?" बाबांनी विचारलं. "साहेबांनी थांबवलं." "का?" "माझ्या खांद्यावर पीठ सापडलं." बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग हसले, पूर्वीसारखे, खांदे हलवून. "मग? चोरीचं होतं का?" सांगितलं तेवढं सांगितलं. बाईचं, दाताचं, तीन महिन्यांचं. ते ऐकत होते, म्हणजे ऐकताना दिसत होते. मग म्हणाले, "त्या साहेबाच्या घरी काय खातात?" "मला काय ठाऊक, बाबा." "काहीतरी खात असतीलच की." मग बराच वेळ परातीच्या कडेवर बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "मी जेवलो का गं?" जेवले नव्हते. मी पान घेतलं, समोर बसले, ते जेवले. समोर बसावं लागतं. समोर कुणी नसलं तर ते दोन घास खातात, उरलेलं फडक्याखाली झाकून ठेवतात आणि विचारलं तर सांगतात, "पोटभर." खोटं बोलत नाहीत, त्यांना तसं वाटतं. माणसं आपण काय खाल्लं ते सांगतात एक आणि दातात राहतं दुसरं. ही दोन खाती जुळलेली मी अजून कुणाची पाहिली नाहीत. बाकीच्यांच्या बाबतीत त्यानं बिघडत नाही. बाबांच्या बाबतीत, ते जेवले की नाही याचा पुरावा या जगात फक्त मी आहे.

भावाला फोन केला. तो भट्टीजवळ होता, मागे पत्र्यांचा खणखणाट. "ताई, तीन महिने म्हणजे काय गं? आण की इकडे. तुझी भावजय आहे, पोरं आहेत, खाली सोळा माणसं आहेत," तो म्हणाला. "ते जेवलो म्हणतील." "मग जेवले असतील." "हेच ते." "काय हेच ते?" "तू विश्वास ठेवशील." भाऊ वैतागला. "तुला ना, सगळ्यांच्या तोंडात बघायची सवय लागलीय. मेलेल्यांच्या बघतेस ते पुरे नाही का? आणि एका मेलेल्या बाईपायी नोकरी घालवू नकोस. सही कर आणि मोकळी हो. पीठ काय, म्हण की आमचं. आमचंच आहे." त्याचा हिशेब सरळ होता. सही केली तर नोकरी राहते, दुसरा दात मला मिळतो, तीन महिन्यांनी बाबा घरी. कुणीही शहाणं माणूस हे गणित मांडून उठलं असतं. मी रात्री ते दोनदा मांडलं आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, आणि उत्तर बरोबर आहे म्हणून जास्तच संताप आला. कारण कागदावर 'घर' असं लिहिलं होतं आणि त्याच्या शेजारी 'दोष'. बाबांनी आयुष्यभर ज्यात हात घातले, ज्यावर आम्ही दोघं वाढलो, शिकलो, ज्याच्या जिवावर मी सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचले, ते रोगराईसारखं उच्चारायचं आणि खाली माझं नाव. आणि तिकडं बाई. तिनं कष्टानं काहीतरी शिजवून खाल्लं असेल, तर तिच्या तोंडातून तेही काढून घ्यायचं. एका सहीत दोन घरांची चूल विझणार.

पण राग आला म्हणून मी बरोबर ठरत नाही, हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी घरचं पीठ डबीत भरून उघडपणे कामावर नेलं. आजची धान्यं, कंद, पिठं तुलनेसाठी ठेवतात ती खोली वेगळी, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. तिथं बसून मी बाबांच्या परातीतलं पीठ काचपट्टीवर घेतलं. लोक दारातून डोकावून जात होते, जणू मी स्फोटकं आणली आहेत. धाकटी मात्र आत आली. हुशार, घाबरट, आणि आपण घाबरट आहोत याची तिला चीड. "मॅडम, माझीपण पट्टी घ्या," ती म्हणाली आणि खांदा पुढे केला. तिच्या खांद्यावर बटाटा निघाला. मग तिनं बाहेर जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, एकेक जण यायला लागला. थोडा थट्टेत, थोडा अपराधी. लेखनिकाच्या बाहीवर तांदूळ. राखणदाराच्या कॉलरवर मका. शेवटी प्रमुख आले, दारात उभे राहिले. "हे काय चाललंय?" "सर, तुमच्या कॉलरची एक पट्टी घेऊ?" त्यांच्या सदऱ्याची कॉलर नेहमीसारखी पुठ्ठ्यासारखी ताठ. त्यांनी नको म्हटलं नाही, हे मी त्यांच्या जमेला धरते. पट्टी काचेखाली गेली तेव्हा ती चांदण्या पसरल्यासारखी उजळली. इतके कण मी कुणाच्याच अंगावर बघितले नव्हते. धाकटी खोकल्याच्या निमित्तानं बाहेर पळाली. प्रमुखांनी स्वतः डोळा लावून बघितलं, सावकाश. मग म्हणाले, "मुद्दा हा नाही. माझी खळ बाईच्या दातात सापडलेली नाही. तुमचा गहू सापडला आहे."

आणि हे खरं होतं. त्या संध्याकाळी मी बाईचे सगळे कण पुन्हा काढले, एकेक, घरच्या पिठाशेजारी ठेवून. मनात कुठेतरी आशा होती की एकही जुळणार नाही. बरेच जुळले. आम्लात विरघळल्यावर मोकळे झालेले जे कण होते, त्यातले पुष्कळ चकचकीत, कोरे, कालच गिरणीतून आल्यासारखे. ते बाईचे असतीलही. पण ते आमचे नाहीत असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नव्हते. मी ते खोडले. लोक म्हणतात तसं हलकं वगैरे काही वाटलं नाही, स्वतःच्या पगारातून पैसे कापल्यासारखं वाटलं. शेवटी उरले ते मूठभरसुद्धा नव्हते. कीटण विरघळवण्याआधी मी त्याचा एक कपचा तसाच काचेखाली धरला होता, सवयीनं, आणि त्याचे फोटो घेतले होते. त्या कपच्यात, दगडाच्या थरांच्या आत, चार कण एकमेकांना चिकटून बसले होते. फुगलेले, पुसट फुलीचे, शेजारी कोळशाचा काळा ठिपका. तिथं आमचं पीठ शिरणार कसं? आमचं पीठ वर बसेल, कडेला चिकटेल. दगड होण्याआधी आत जाऊन बसायला त्याला त्या बाईच्या तोंडात असायला हवं होतं. मी बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. ती कशी असेल ते मला कधी नीट दिसत नाही. मला फक्त तिचा जबडा दिसतो, चावताना. उजव्या बाजूनं चावायची ती, डावीकडे एक दात दुखरा होता.

"म्हणजे मान्य?" प्रमुखांनी विचारलं. मी खोडलेल्या कणांची संख्या त्यांच्यासमोर ठेवली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं काहीतरी आलं होतं. "मोकळे कण मान्य. त्याच्यावर सही करते, आत्ता. कीटणातल्या कणांवर नाही." "आकार तोच आहे." "तोच असणार, सर. एकाच कुळातले. माझा आणि माझ्या भावाचा कान हुबेहूब आहे. म्हणून त्यानं खाल्लेलं माझ्या पोटात जात नाही." "चार कणांवर तुम्ही एवढा डोलारा उभा करणार?" "डोलारा नाही. चार कण." ते उठले, खिडकी लावली, पुन्हा बसले. "तुम्हाला राग आलाय," ते म्हणाले, जरा मऊ आवाजात. "आणि तो समजण्यासारखा आहे. पण राग हा पुरावा नाही." "नाही," मी म्हणाले. "म्हणून तर दात उघडा म्हणते." "उघडा ना! मी कुठं अडवलंय? तीन महिने घर सोडा आणि तुम्हीच उघडा."

दुसरा दात मी मनात कितीदा उघडला होता. कुठल्या कडेनं सुरी लावायची, कीटण कुठं जाड आहे, कुठं नुसता पापुद्रा. डबीतल्या त्या दाताशी माझी अशी ओळख होती की एखाद्या मैत्रिणीच्या दारावरून रोज जावं आणि कधी घंटी वाजवू नये. आणि त्यानंतर तिसरा नव्हता. "घर सोडणार नाही," मी म्हणाले. "धाकटी उघडेल. मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही, डबीला हात लावणार नाही. ती माझ्या टेबलाशी बसली नाही, माझ्या कोटाशेजारी तिचा कोट नाही. खोली तुम्ही धुवून घ्या, बश्या ठेवा, काय हवं ते करा." प्रमुखांना यातली गोम कळायला वेळ लागला नाही. हिशेब त्यांनाही येतो. "भरला निघाला तर तिचं नाव होईल," ते म्हणाले. "आणि रिकामा निघाला तर माझं," मी म्हणाले. "पक्कं?" "पक्कं." "वडिलांपायी?" त्यांनी विचारलं, आणि त्यात पहिल्यांदाच कुतूहल होतं. मी हो म्हणू शकले असते. ऐकायला बरं वाटलं असतं, आणि त्यांनी ते समजून घेऊन विसरून टाकलं असतं. "पिठापायी," मी म्हणाले.

धाकटीला सांगितलं तेव्हा ती दोन पावलं मागे सरली. "मॅडम, मला नाही जमणार. दात तुटला तर?" "तुटला तर तुटला. आधी कपचा काढायचा, आम्लाला हात लावायच्या आधी. बाकी मी काही शिकवणार नाही; शिकवलं तर म्हणतील मी तुझ्या तोंडून बोलले." "तुम्हाला वाईट नाही वाटत?" "वाटतं की. तुझा गळा दाबावासा वाटतो." ती हसली, मग रडली, मग नाक पुसून म्हणाली, "मी आजपासून बिस्किटं बंद करते." खोली धुण्यात आठवडे गेले. त्या काळात मला तळघरात मातीच्या पिशव्या लावायला दिलं होतं. शिक्षा असं कुणी म्हटलं नाही, "तूर्त" असं म्हटलं. लोक जिन्यात भेटले की माझ्या तब्येतीची चौकशी करत. लेखनिक म्हणाला, "मॅडम, हट्ट म्हणजे हट्ट." त्यात कौतुक किती आणि कीव किती ते मी बघत बसले नाही. अधूनमधून मनात यायचं, दात रिकामा निघाला तर? आयुष्यभर हे लोक मला ओळखतील ते घरचं पीठ बाईला भरवणारी म्हणून. मग वाटायचं, ओळखू देत. निदान भरवलं तरी.

दात उघडायच्या दिवशी सकाळी मी फडकं बांधलं नाही. आत जायचंच नव्हतं, तर बांधायचं कुणासाठी? मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि बाबांच्या समोर परातीशी बसले. त्यांनी मान वर केली. "आज सुट्टी?" "नाही." "मग बाहेरून ओरडली नाहीस ती?" मी बाह्या वर सारल्या. त्यांनी गोळा तोडून अर्धा मला दिला, काही न विचारता, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तळव्यानं. बोटांनी काय गुदगुल्या करतेस?" पिठाला आपलं असं एक वजन असतं, ते मी विसरले होते. मळून झालं, त्यांना समोर बसवून खाऊ घातलं, आणि हात धुऊन, पण बाकी जशी होते तशी, केसांत, बाहीवर, भुवईत पीठ घेऊन रस्त्यातून चालत गेले. कुणी वळून बघितलं नाही. एका म्हातारीनं फक्त जाता जाता सांगितलं, "बाळ, तोंडाला लागलंय." "असू दे, आजी," मी म्हणाले.

स्वच्छ खोलीला बाहेरून काच आहे. मी काचेशी उभी राहिले. आत धाकटी, डोळ्यांपर्यंत झाकलेली, आणि तिच्यामागे प्रमुख, तेही तसेच. डोळ्यांवरूनच काय ते ओळखायचं. तिनं दात उचलला तेव्हा माझी बोटं आपोआप वळली. ती चुकीच्या कडेनं सुरू करत होती. मी काचेवर टकटक करू शकले असते. मी हात पाठीमागे बांधले. कपचा सुटला, पडला नाही, बशीत आला. तिनं तो तसाच, न विरघळवता, काचेखाली ठेवला आणि डोळा लावला, आणि मग फार वेळ काहीच झालं नाही. तिची पाठ मला दिसत होती. पाठीवरून काही कळत नाही. प्रमुख वाकले, त्यांनी बघितलं, तेही तसेच राहिले. मला वाटलं, रिकामा. मी स्वतःला म्हणाले, ठीक आहे, रिकामा तर रिकामा, उद्या तळघरात पिशव्या, संध्याकाळी घरी. मग प्रमुखांनी हात लांब करून सूक्ष्मदर्शकाला जोडलेला संगणकाचा पडदा काचेच्या दिशेनं वळवला. त्यांनी वळवला, धाकटीनं नाही. दगडाचे तपकिरी थर, आणि थरांच्या आत, एकमेकांना बिलगून, फुगलेले, पुसट फुलीचे दाणे. माझ्या चारांपेक्षा जास्त. आणि त्यांच्या पलीकडे आणखी काहीतरी, लांबट, एका टोकाला निमुळतं, कुठल्यातरी कंदाचं असावं. मी कधीच न बघितलेलं, माझ्या कुठल्याच यादीत नसलेलं. तेही शिजलेलं. बाई माझ्या समजुतीपेक्षा चांगली जेवत होती.

काचपट्टी झाकली गेली, फोटो निघाले, डबीला झाकण लागलं. प्रमुख दाराशी आले आणि आतूनच, बोलायच्या भोकातून, म्हणाले, "पहिलं नाव तिचं जाईल."

"जाऊ दे."

"मोकळे कण तुमच्या घरचे, हेही छापलं जाईल. घराच्या उल्लेखासकट."

"छापा. आमचेच आहेत ते. पण 'दोष' लिहायचं नाही. 'पीठ' लिहा."

त्यांच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या. हसू होतं की वैताग, झाकलेल्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता. "बरं, जरा मागे व्हा," ते म्हणाले. "दार उघडायचंय."

ते दार आतल्या बाजूला उघडतं, बाहेरच्याला लागत नाही. हे त्यांनाही माहीत आहे. मी मागे झाले नाही.